प्रीतीचा हिशेब

ख्रिस्ती लग्नाला कधी गेला असाल, तर हा उतारा तुमच्या कानावर पडला असेल. नवरा-नवरी वेदीसमोर उभे असतात, मागे फुलांची कमान असते आणि पाळक वाचू लागतात : "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, प्रीती हेवा करत नाही, प्रीती बढाई मारत नाही, फुगत नाही." शब्द असे की खास लग्नासाठीच लिहिले असावेत असे वाटते.

लिहिले मात्र होते भांडखोरांसाठी. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला, साधारण 55 च्या आसपास, ख्रिस्ती धर्माचा आरंभीचा प्रचारक पौल याने करिंथ या ग्रीक शहरातल्या लहानशा मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, पत्र पाठवले, त्यातला हा तेरावा अध्याय. करिंथ हे व्यापाराचे शहर. मंडळीत श्रीमंतही होते आणि गुलामही. 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा' असे एकेका प्रचारकाच्या नावाने गट पडले होते. एकमेकांवर फिर्यादी चालल्या होत्या. सगळ्यांत वाईट गोष्ट जेवणाची. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून होणाऱ्या प्रभुभोजनासाठी सगळे एकत्र जमत, पण ज्यांच्याकडे होते ते आधीच आपले खाऊन-पिऊन घेत, आणि कष्टकरी माणूस उपाशी राही. एक भुकेला, दुसरा नशेत, असे पौल अकराव्या अध्यायात स्पष्टच लिहितो. त्या पंगतीला उद्देशून दोन अध्यायांनंतर 'प्रीती सहनशील आहे' हे वाक्य येते. असे वाचले की त्यातला गोडवा कमी होतो आणि धार कळते.

त्याच उताऱ्यात आणखी एक लहान वाक्य आहे : प्रीती 'अपकार स्मरत नाही'. मूळ ग्रीकमध्ये इथे वापरलेले क्रियापद हिशेबाच्या वहीतले आहे. खात्यावर मांडणे, नोंद करणे, असा त्याचा अर्थ. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या वाइटाची नोंद प्रीती आपल्या वहीत करत नाही. ख्रिस्ती जीवनातले निःस्वार्थ प्रेम आणि दान समजून घ्यायचे तर मला हे वाक्य फार उपयोगी वाटते, कारण या प्रेमात हिशेब अजिबात नसतो असे नाही. काही हिशेब कटाक्षाने टाकून दिलेले असतात आणि काही कटाक्षाने ठेवलेले असतात. कोणता ठेवायचा आणि कोणता टाकायचा, इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

आधी शब्दाकडे वळू. मराठी पवित्र शास्त्रात 'प्रेम'पेक्षा 'प्रीती' हा शब्द जास्त भेटतो, आणि त्यामागे बहुतेक ठिकाणी ग्रीक 'अगापे' असतो. प्रवचनांत हमखास सांगतात की ग्रीकमध्ये प्रेमाला वेगवेगळे शब्द आहेत : ओढीच्या प्रेमाला 'एरॉस', मैत्रीला 'फिलिया', घरच्या मायेला 'स्टॉर्गे' आणि देवाच्या निःस्वार्थ प्रेमाला 'अगापे'. शिकवायला ही विभागणी सोपी आहे, पण ती पूर्ण खरी नाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दावीदाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर, आसक्त होऊन पुढे अत्याचार करतो, तिथेही याच कुळातले क्रियापद आहे. पौलाचा सोबती देमास त्याला सोडून गेला, कारण त्याला हे जग प्रिय झाले, तिथेही तेच. शब्दात जादू नाही. ख्रिस्ती लोकांनी हा शब्द उचलला आणि येशूच्या जगण्याने त्यात अर्थ भरला. म्हणून त्याचा अर्थ शब्दकोशापेक्षा गोष्टींतून लवकर कळतो.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली कल्पना दोन वाक्यांत सांगता येते. माणूस चांगला आहे म्हणून देव प्रीती करतो असे नाही. देव आधी प्रीती करतो आणि ती मिळाली म्हणून माणूस पुढे देऊ शकतो. योहानाच्या पहिल्या पत्रात हा क्रम स्पष्ट आहे : आपण प्रीती करतो, कारण त्याने आधी आपल्यावर केली. फिलिप्पैकरांना लिहिताना पौल म्हणतो की ख्रिस्ताने 'स्वतःला रिक्त केले' आणि दासाचे रूप घेतले. जे होते ते हातात घट्ट धरून ठेवले नाही, एवढाच 'रिक्त'चा सरळ अर्थ. आणि येशू शत्रूवर प्रीती करायला सांगतो तेव्हा दाखला देतो सूर्याचा आणि पावसाचा. ते चांगल्या-वाईट सगळ्यांवर सारखे येतात. पाऊस शेतकऱ्याचा स्वभाव पाहून पडत नाही, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

आता येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घेऊ. ती इतकी ओळखीची झाली आहे की तिच्यातले तपशील आता कोणाला दिसत नाहीत. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता साधारण 25 किलोमीटरचा आणि त्यात हजारेक मीटरचा उतार. ओसाड, कपारींचा, लुटारूंच्या सोयीचा. एका माणसाला लुटून अर्धमेला टाकलेला आहे. याजक पाहतो आणि बाजूने निघून जातो. मंदिराचा सेवक असलेला लेवीही तसेच करतो. मग शोमरोनी येतो, म्हणजे यहुद्यांना ज्याच्या हातचे पाणी नको अशा लोकांपैकी एक.

ही गोष्ट लिहिणारा शुभवर्तमानकार लूक त्याचे मन वर्णन करण्यात एकच शब्द घालवतो : त्याला कळवळा आला. पुढे सगळी कामे आहेत. तो जवळ गेला. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. पट्ट्या बांधल्या. आपल्या जनावरावर बसवले, म्हणजे स्वतः बहुधा पायी चालला. उतारशाळेत नेले आणि रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आणि वर सांगितले की जास्त खर्च झाला तर परत येताना भरून देईन. मला या गोष्टीतले हे शेवटचे वाक्य सर्वांत मोठे वाटते. कळवळा तर बाजूने गेलेल्यांनाही आला असेल. याने उधारीचे खाते उघडे ठेवले, तेही ज्याचे नाव माहीत नाही अशा माणसासाठी.

आणि लक्षात घ्या, तो स्वतः तिथे राहिला नाही. त्याला पुढे काम होते, तो गेला. जखमी माणसाला त्याने जन्मभरासाठी अंगावर घेतले नाही, तर त्याच्या बरे होण्याची सोय लावली. निःस्वार्थ प्रेम म्हणजे आपला धंदा, आपला प्रवास, आपले घर सोडून देणे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.

गोष्ट सुरू होते ती 'माझा शेजारी कोण?' या प्रश्नाने. विचारणाऱ्या शास्त्र्याला, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडिताला, यादी हवी होती : कोणावर प्रेम करायचे बंधन आहे आणि कोणावर नाही. येशू शेवटी प्रश्नच फिरवतो आणि विचारतो, या तिघांपैकी त्याचा शेजारी कोण झाला? यादी करायची सोयच राहत नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण दानाचा विषय पैशाशिवाय बोलणे म्हणजे निम्मे टाळणे.

यरुशलेमच्या मंदिरात दान टाकायला तुतारीच्या आकाराच्या तेरा पेट्या होत्या, असे यहुदी परंपरा सांगते. येशू समोर बसून पाहत होता. श्रीमंत लोक पुष्कळ टाकत होते. मग एक दरिद्री विधवा आली आणि तिने, मराठी शास्त्राच्या शब्दांत, दोन टोल्या म्हणजे एक दमडी टाकली. टोली म्हणजे तेव्हाचे सर्वांत लहान नाणे, दिनाराचा 128 वा भाग. दोन टोल्या म्हणजे दिवसाच्या मजुरीचा 64 वा भाग. आज मजुरी 500 रुपये धरली तर आठ रुपयेसुद्धा होत नाहीत. येशू म्हणतो, हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकले, कारण बाकीच्यांनी उरलेल्यातून दिले आणि हिने होते नव्हते ते. इथे मोजमाप बदलते. किती दिले यापेक्षा देऊन झाल्यावर मागे किती राहिले, हे पाहिले जाते.

पण या गोष्टीच्या लगेच आधीची ओळ बहुतेक प्रवचनांत गळते, आणि ती गळू नये असे मला मनापासून वाटते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात त्याआधीच येशू शास्त्र्यांबद्दल सावध करतो : ते विधवांची घरे गिळतात आणि दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. लगेच पुढे विधवा येते आणि शेवटची दमडी टाकते. येशू तिच्या मनाचे मोल करतो यात शंका नाही. पण जी व्यवस्था तिच्याकडून शेवटची दमडी घेते, तिला तो शाबासकी देत नाही. पुढच्याच अध्यायात तो म्हणतो की या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही. म्हणून व्यासपीठावरून गरिबाला ही गोष्ट सांगून त्याच्या खिशात हात घालणाऱ्याने आधी ही ओळ वाचावी. 'देवाला शंभर द्या, तो हजार देईल' असे सांगणारी शिकवण तर मला दानाच्या अगदी उलट वाटते. तो गुंतवणुकीचा सौदा झाला, आणि तोही बहुतेकदा ज्यांना परवडत नाही त्यांच्याशी केलेला.

मग द्यायचे किती? दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, हा जुन्या कराराचा नियम. अनुवाद ग्रंथात दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्या पोटासाठी ठेवायला सांगितला आहे, हे सहसा विसरले जाते. पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशांश मोजून देणाऱ्या आणि न्याय व दया मात्र सोडून देणाऱ्या लोकांवर येशूने कडक शब्द वापरले. नव्या करारात पौल आकडा सांगत नाही. प्रत्येकाने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, कुरकुरत नको आणि जबरदस्तीनेही नको, कारण संतोषाने देणारा देवाला आवडतो, असे तो लिहितो. दशांश पाळणारी अनेक कुटुंबे मला माहीत आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. नियमाने त्यांना सवय लावली. पण सवय आणि सक्ती यांत फरक राहिलाच पाहिजे.

पौलाची ही वाक्ये एका खऱ्या वर्गणीच्या कामातली आहेत. यरुशलेमच्या मंडळीतले गरीब अडचणीत होते. पौल मासेदोनिया आणि ग्रीसमधल्या मंडळ्यांतून त्यांच्यासाठी पैसे गोळा करत होता. देणारे बहुतेक यहुदी नव्हते आणि घेणारे यहुदी होते. दोघांत ताण होताच. करिंथकरांना दुसऱ्या पत्रात तो सांगतो की मासेदोनियातले लोक स्वतः कंगाल असून त्यांनी ताकदीबाहेर दिले. पण तो हेही म्हणतो की दुसऱ्यांना आराम आणि तुम्हांला ओढाताण असा माझा हेतू नाही, समानता व्हावी हा हेतू आहे. आज तुमच्या भरपुरीतून त्यांची उणीव भागेल, उद्या त्यांच्यातून तुमची.

आणि मग येतो हिशेब. इतकी मोठी रक्कम आपल्या हातून जाताना कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये, म्हणून पौल एकटा ती नेत नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस पाठवतो, आणखी एक भाऊ जोडीला देतो, आणि कारणही सांगतो : देवापुढे चांगले ते तर पाहतोच, माणसांपुढेही चांगले ते पाहतो. 'प्रीती वाइटाची नोंद ठेवत नाही' असे लिहिणारा हाच माणूस पैशाची नोंद मात्र साक्षीदारांसकट ठेवतो. धर्मादाय संस्थेत हिशेब मागणाऱ्याला 'तुमचा विश्वास कमी आहे' असे सुनावले जाते, तेव्हा मला हा आठवा अध्याय आठवतो.

द्यायच्या रीती किती साध्या असू शकतात, याचेही दाखले आहेत. मिझोराममध्ये ख्रिस्ती घरांत प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढून ठेवतात. 'बुहफाई थाम' म्हणतात त्याला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आलेल्या या मुठींवर तिथल्या मंडळीची किती तरी कामे उभी राहिली. आपल्याकडे गावोगावच्या चर्चमध्ये कापणीचा सण होतो. ज्वारीचे पोते, भोपळा, कोंबडी, अंडी, जे पिकले ते आणायचे आणि उपासनेनंतर लिलाव. लहानपणी मी पाहिले आहे, एका माणसाने भोपळा बोली लावून घेतला, पैसे दिले आणि भोपळा परत टेबलावर ठेवला, पुन्हा लिलाव करा म्हणून. तो एकच भोपळा त्या दुपारी तीनदा विकला गेला. कॅथलिक धर्मग्रामांत संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे लोक गरजूंच्या घरी स्वतः जातात. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ती सुरू केली. तिच्या बैठकीत पिशवी फिरते, आणि कोणी किती टाकले ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे येशूचे म्हणणे तिथे एका कापडी पिशवीने पाळले जाते.

महाराष्ट्रात या प्रीतीचा सगळ्यांत मोठा दाखला माझ्या मते पंडिता रमाबाईंचा आहे, आणि तो पैशापासून नाही, उपासमारीपासून सुरू होतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान. घरचे होते नव्हते ते तीर्थयात्रांत आणि दानधर्मात संपले. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत राहिले. पोटात अन्न नसणे काय असते, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

पुढे 1883 मध्ये त्या इंग्लंडला वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींकडे गेल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनमध्ये फुलम इथले आपले काम दाखवले. समाजाने 'बिघडलेल्या' ठरवलेल्या बायकांना तिथे मायेने ठेवून घेत. रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे की असे काही त्यांनी आधी पाहिले नव्हते. या बायकांना हाकलण्याऐवजी कोणी त्यांची सेवा का करावी, हा प्रश्न त्यांना पडला. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली : विहिरीवर एकटी आलेली, पाच नवरे झालेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. रमाबाई तोवर अनेक शास्त्रे वाचून बसलेल्या होत्या. मन हलले ते कोणीतरी केलेली सेवा डोळ्यांनी पाहून, आणि मग तिचे कारण वाचून.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. अमेरिकेत बॉस्टनला 1887 मध्ये स्थापन झालेल्या असोसिएशनने दहा वर्षे खर्च उचलायचे कबूल केले होते. ती मुदत सरत आलेली असतानाच 1896–97 चा दुष्काळ पडला. हिशेबी माणसाने अशा वेळी हात आखडता घेतला असता. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, तरुण विधवा यांना घेऊन आल्या, तीनशेच्या आसपास. पुण्यात तेव्हा प्लेगची बंधने होती, म्हणून त्यांना दौंडजवळ केडगावच्या शेतावर ठेवले. तेच मुक्ती मिशन. 1900 पर्यंत तिथे दीड हजाराच्या वर माणसे होती. शेत, गुरे, विणकाम, छापखाना. मुलींनी बसून खावे अशी कल्पना नव्हती, हाताला काम आणि डोळ्यांना अक्षर मिळावे अशी होती. वेगवेगळ्या गरजांसाठी वेगवेगळी सदने झाली. फुलममध्ये पाहिलेल्या बायकांसारख्यांसाठी कृपा सदन. म्हाताऱ्या आणि दुबळ्या बायकांसाठी जे घर झाले त्याचे नाव प्रीती सदन.

आता एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. 'निःस्वार्थ' या शब्दाखाली पुष्कळ अन्याय झाकला गेला आहे. मार खाणाऱ्या बाईला 'वधस्तंभ वाहा' असे सांगितले जाते. आजाऱ्याची सेवा घरातल्या एकाच व्यक्तीच्या वाट्याला येते आणि तिच्या थकण्याला स्वार्थ म्हणतात. कवी नारायण वामन टिळक हात मोकळा असलेला माणूस. कोणीही मागितले की देणार, पोरकी मुले घरी आणणार. त्यानंतर चूल कशी पेटवायची हा प्रश्न पत्नी लक्ष्मीबाईंपुढे उभा राही, आणि त्यांनी तो पुढे सगळ्या मायेने पण काही न लपवता लिहिला. देणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा, असे असेल तर त्या दुसऱ्याला विचारले होते का, हे पाहावे लागते.

शास्त्र स्वतः याबाबतीत स्पष्ट आहे. आज्ञा आहे ती 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' अशी. स्वतःला पुसून टाक असे तिथे नाही. येशू गर्दी सोडून एकांतात जाई. वादळात नावेत उशीवर डोके टेकून झोपला होता. मग्दालिया मरिया, योहान्ना, सुसान्ना अशा बायका आपल्या पैशांतून त्याचा आणि शिष्यांचा खर्च चालवत, असे लूक लिहितो. आणि तो ते घेई. त्याचा प्राण कोणी त्याच्यापासून हिरावून घेत नाही, तो आपण होऊन देतो, असे तो म्हणतो. आपण होऊन दिलेले आणि हिरावून घेतलेले यांत फरक करण्याची मुभा त्याने आपल्यालाही ठेवली आहे.

घेणे मात्र पुष्कळांना देण्यापेक्षा जड जाते. पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. बारा जणांना पुढे बसवतात. 2016 पासून कॅथलिक चर्चने त्यात स्त्रियांनाही अधिकृतपणे घेतले आहे. त्या दिवशी जवळ बसून पाहा. आयुष्यभर दुसऱ्यांचे करत आलेली माणसे खुर्चीखाली पाय ओढून घेतात, भेगा दिसतील म्हणून लाजतात. येशू शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुऊ लागला, तेव्हा त्याचा शिष्य पेत्र यानेही हेच केले होते. माझे पाय तू कधीच धुणार नाहीस, म्हणाला. मी धुतले नाहीत तर तुझा माझ्याशी वाटा नाही, असे येशूने सांगितल्यावर म्हणू लागला, मग हात आणि डोकेही धू.

त्या खोलीत बारा जण होते. कोण उलटणार आहे, हे येशूला माहीत होते, असे योहान मुद्दाम नोंदवतो. त्याने कमरेला रुमाल बांधला आणि एकेकाचे पाय धुतले, पुसले; कोणाला वगळले असे कुठे लिहिलेले नाही. जेवण चालू होते. यहूदाने घास घेतला आणि तो उठून बाहेर गेला. तेव्हा रात्र होती, आणि त्याचे पाय धुतलेले होते.